वर न गेलेला हात

ऑल्डरविकच्या पालक मंडळावर अकरा माणसं होती, आणि त्यांत अँब्रोज पोर्च सगळ्यात नवा. बाजारचौकात त्याचं घोड्यांचे साज शिवायचं दुकान होतं. माणूस कामाला चोख, बोलायला मऊ. चॅपलमध्ये पुढून तिसऱ्या बाकावर बायको-मुलीसह बसायचा. म्हणून वसंतातल्या निवडणुकीत लोकांनी त्याला मत दिलं आणि टेकडीवरच्या वर्कहाऊसचा कारभार बघणाऱ्यांत तोही जाऊन बसला.

ज्यांना कुठेच थारा उरला नाही अशी म्हातारी माणसं, टाकलेल्या बायका, बिनआईबापाची पोरं त्या वर्कहाऊसमध्ये येऊन पडत. गावात त्याला ‘मोठं घर’ म्हणत, तेही आवाज खाली आणून. तिथली पोरं रोज सकाळी रांगेनं गावातल्या शाळेत जात. सगळ्यांच्या अंगावर एकच तपकिरी जाडंभरडं कापड, छातीवर पितळेचा बिल्ला, आणि मुलगा असो की मुलगी, केस कानाच्या वर भादरलेले. गावची पोरं आपापल्या कपड्यांत यायची. त्यामुळे कोण कुठलं ते अर्ध्या मैलावरून कळायचं.

ऑक्टोबरच्या बैठकीत मिस कोल्बेकनं विषय काढला. ती डॉक्टरांची बहीण, मंडळावरची एकुलती एक बाई. "शाळेत जाताना तरी या मुलांना साधे कपडे द्या," ती म्हणाली. "एक निळा असेल, एक करडा असेल. बिल्ला नको. आणि मुलींचे केस वाढू द्या. माझं मागणं एवढंच आहे."

तिनं आधी प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलणी केली होती. पाच मतं पक्की होती, तिचं स्वतःचं धरून. सहावं पोर्चचं. त्यानं तिला दुकानाच्या दारात, हातातली आरी खाली ठेवून शब्द दिला होता, "मिस कोल्बेक, माझं मत तुमचंच समजा."

धान्याचा व्यापारी रडकिन विरोधात बोलला. माणूस आडदांड, पण बोलण्यात गंमत आणायचा, त्यामुळे लोक त्याच्या बाजूला कलायचे. "ओळखू आली नाहीत तर पळून जातील आणि आपण शोधत बसू," तो म्हणाला. मग त्याची नजर पोर्चवर गेली. पोर्च मान हलवून मिस कोल्बेकचं ऐकत होता, हे त्यानं टिपलं होतं. "पोर्च, तुम्हाला या पोरांचा भलताच पुळका दिसतोय! लहानपणी तुम्हीही मोठ्या घरातली पातळ पेज ढोसलीत की काय?"

सगळे हसले. पोर्चही हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, पोट धरून हसला.

"प्रस्ताव मान्य असलेल्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले. ते गावचे पाद्री होते आणि त्यांना जेवायला जायची घाई असे.

पाच हात वर गेले. पोर्चचा उजवा हात टेबलावर पालथा पडला होता. त्याला तो उचलायचा होता, हे नंतर त्यानं स्वतःला शंभरदा सांगितलं. पण रडकिन अजून त्याच्याकडे बघून हसत होता आणि हात काही उचलला गेला नाही. मिस कोल्बेकनं वळून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोजण्यात चूक झाली असेल, असं वाटून पाहावं तसं.

"पाच," पाद्री म्हणाले. "म्हणजे विरोधात सहा. पुढचा विषय, कोळसा."

रडकिननं गंमत म्हणून फेकलेला दगड बरोबर वर्मी लागला होता. अडतीस वर्षांपूर्वी, चाळीस मैलांवरच्या एका दुसऱ्या वर्कहाऊसच्या पोर्चमध्ये, पायपुसण्यावर, एक तान्हं पोर सापडलं होतं. तिथल्या मुख्याला नाव सुचेना, म्हणून त्यानं जिथे सापडलं तेच आडनाव लावून टाकलं. बाराव्या वर्षी त्या पोराला साज शिवणाऱ्या एका कारागिराकडे कामाला लावलं. तिथून पुढे त्यानं मागं वळून पाहिलं नाही. ऑल्डरविकमध्ये आला तेव्हा तो उत्तरेकडच्या एका मेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा म्हणवून आला. त्याच्या बायकोलाही तेवढंच ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात वर्कहाऊसच्या फेरीची पाळी त्याची आणि मिस कोल्बेकची होती. ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिथली देखरेख करणारी मेट्रन किल्ल्या वाजवत पुढे चालत होती. म्हाताऱ्या बायकांच्या लांबलचक खोलीत दोन्ही भिंतींना खाटा लागलेल्या, आणि प्रत्येक खाटेशी एक म्हातारी उभी.

"हे नवीन सभासद, मिस्टर पोर्च," मेट्रननं सांगितलं.

खिडकीजवळच्या एका म्हातारीनं मान वर केली. "पोर्च?" ती म्हणाली. "अँब्रोज पोर्च?"

त्यानं तिला नावाच्या आधी आवाजावरून ओळखलं. किझाया ब्लंट. तिकडच्या मोठ्या घरात पोरांच्या खोलीत काम करणारी बाई. तिचं स्वतःचं मूल गेलं त्याच आठवड्यात त्याला पायपुसण्यावरून उचलून तिच्या मांडीवर ठेवलं होतं, आणि तिनं त्याला पाजलं होतं. सात वर्षांचा होईपर्यंत तो तिला किझीमावशी म्हणत होता. मग मोठ्या मुलांच्या बाजूला हलवल्यावर भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकायचा. ती मूळची ऑल्डरविकची, हे त्याला कधीच माहीत नव्हतं. निराधाराला जन्मगावानंच पोसायचं, या कायद्यानं तिला म्हातारपणी इथे आणून टाकलं होतं.

"अरे पोरा," ती दोन पावलं पुढे आली. "किती रे मोठा झालास! कोट बघ कसा..."

खोलीतल्या सगळ्या म्हाताऱ्या बघत होत्या. मिस कोल्बेक बघत होती.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय, बाई," पोर्च म्हणाला. "मी तुम्हाला ओळखत नाही."

किझायाचा पुढे आलेला हात तसाच राहिला. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या कोटाकडे, मग मेट्रनकडे. आणि तिला सगळं कळलं. लगेच दोन पावलं मागं सरून ती म्हणाली, "माफी असावी साहेब. डोळ्यांना दिसत नाही हल्ली. कुणालाही कुणीही समजते."

"साहेबलोकांच्या अंगचटीला जायचं नाही, किती वेळा सांगितलंय?" मेट्रन कडाडली. "आठवडाभर चहा बंद. लोणीही बंद."

पोर्च समोर उभा होता. एक शब्द बोलला असता तर शिक्षा टळली असती. मंडळाच्या माणसापुढे मेट्रनची काय बिशाद? पण तो शब्द बोलला की पुढचेही बोलावे लागतील, या धास्तीनं त्यानं फेरीच्या वहीत ‘खोली स्वच्छ’ असं लिहिलं आणि सही केली.

त्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला तर मटणाचा रस्सा वाफाळत होता, आणि नऊ वर्षांची विनी शाळेतून सुट्टीत आली होती. ती मोठ्या रंगात आली होती. "बाबा, मोठ्या घरातली पोरं कशी चालतात सांगू? अशी!" ती खुर्चीवरून उतरली आणि पाय घासत, मान खाली घालून, जड बुटांचा खडखडाट तोंडानं काढत टेबलाभोवती चालू लागली. नक्कल हुबेहूब होती. "आम्ही त्यांना उंदीर म्हणतो. मागच्या बाकावर बसतात ना, आम्ही चीज दाखवतो त्यांना!"

त्याची बायको डॉर्कस हसू दाबत होती. "विनी, पुरे. जेव आता."

पोर्च उठला आणि त्यानं मुलीच्या थोबाडीत मारली. आजवर त्यानं तिला बोटही लावलं नव्हतं. विनी रडलीसुद्धा नाही, नुसती तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग धावत वर गेली.

"वेड लागलं का तुला?" डॉर्कस ओरडली. "पोरीनं काय असं केलं? सगळीच पोरं म्हणतात!"

"मी उंदीर आहे," पोर्च म्हणाला.

"काय?"

मग त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, खुर्चीची पाठ धरून. पोर्चमधलं पायपुसणं, बिल्ला, किझीमावशी, रडकिनची थट्टा, टेबलावरचा हात, आणि आज सकाळची खोली. डॉर्कसनं मध्ये एकदाही अडवलं नाही. रश्शावर चरबी थिजली.

"मोठ्या घरातला होतास याचं मला काही नाही," ती अखेर म्हणाली. "माझा आजा दारोदार सुया विकायचा. पण अकरा वर्षं, अँब्रोज! माझ्या आईला तू बापाच्या शेताचं वर्णन करून सांगितलंस. चौदा गायी म्हणालास. गायींना नावं होती रे! मरताना आई विचारत होती, त्या डेझीचं पुढे काय झालं म्हणून."

पोर्चनं खुर्ची ओढून बसून घेतलं.

"आणि त्या बाईचा चहा बंद झाला, तू बघत उभा राहिलास." तिनं ताटं उचलली. "हे मात्र मला कसं गिळायचं ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाची पुडी आणि लोण्याचा गोळा घेऊन टेकडी चढला. मेट्रनला म्हणाला, "काल मी खोटं बोललो. या बाईनं मला वाढवलंय. शिक्षा मागं घ्या." मेट्रननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बारा वर्षांचा झाला. पण तिनं मान डोलावली.

किझायाला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. ती भडकली.

"आता कशाला सांगितलंस? मी काल तुझ्यासाठी मेट्रनसमोर आंधळी झाले, आज मला खोटारडी ठरवलंस! मला हिच्याच हाताखाली मरायचंय, तू चाललास तुझ्या दुकानात!"

"मावशी, माझं चुकलं."

"चुकलं तर आहेच." तिनं लोण्याचा वास घेतला आणि पुडकं उशीखाली सरकवलं. "इथे सगळ्यांना कळलंय, पोरांच्या कपड्यांचं कुणामुळे फसलं ते. धुलाईखान्यातल्या बायकांना सगळं आधी कळतं. मी कालपासून मनाशी म्हणतेय, हे मी पाजलेलं पोर नसेल. दुसरा कुणी पोर्च असेल."

तो खाटेच्या कडेला बसून राहिला. तिनं त्याला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.

गुरुवारच्या बैठकीत तो उभा राहिला. कोट नीट केला आणि म्हणाला, "मागच्या वेळी मी शब्द मोडला. मिस्टर रडकिननं विचारलं होतं, पेज प्यायलात का. बारा वर्षं प्यायलो. तो बिल्लाही माझ्या छातीवर होता. रस्त्यानं जाताना हातानं झाकून धरायचो, तर मागून छडी बसायची. कपड्यांचा विषय पुन्हा मतांना टाकावा."

कुणी हसलं नाही. रडकिननं तोंड लाल करून शाईच्या दौतीकडे बघायला सुरुवात केली आणि पुटपुटला, "बसा, पोर्च. मला काय ठाऊक होतं, राव." ते थट्टेपेक्षा वाईट होतं.

पाद्र्यांनी चष्मा काढून पुसला. "आपल्या भावना समजल्या, मिस्टर पोर्च. पण नियम असा आहे की फेटाळलेला विषय सहा महिने परत घेता येत नाही. एप्रिलमध्ये बघू."

नियमापुढे कुणाचं काही चालेना. मिस कोल्बेकनं जाताना त्याला मान लववून नमस्कार केला, पण थांबली नाही.

तो हिवाळा कडक गेला. गावात बातमी पसरली. दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी साज दुसरीकडे शिवायला टाकले. चॅपलमध्ये शेजारची बाई विनीपासून जरा लांब सरकून बसू लागली, तेव्हा डॉर्कसनं मुलीला उचलून मांडीवर घेतलं आणि पूर्ण प्रार्थना तशीच म्हटली. विनीनं नकला करणं सोडलं, पण बापाशी पूर्वीसारखी बोलेना. रविवारी किझायाला जेवायला आणायची परवानगी डॉर्कसनंच जाऊन मिळवली. म्हातारी यायची, दोनदा वाढून घ्यायची, डॉर्कसशी गप्पा मारायची, आणि पोर्चला ‘साहेब’ म्हणायची. ते चिडवणं होतं की शिक्षा, ते त्याला कधी कळलं नाही.

रोज साडेआठला पोरांची रांग दुकानावरून जायची. तो मुद्दाम दारात येऊन उभा राहायचा. बघायचं टाळलं तर आपण पुन्हा टेबलावर हात ठेवून बसलोय असं त्याला वाटे. रांगेत सगळ्यात शेवटी एक उंच मुलगी असायची, एफी नावाची. भादरलेल्या डोक्यावर टोपी कानापर्यंत ओढून, पुस्तकं छातीशी घट्ट धरून चालायची. पुस्तकं तशी का धरलीत, ते त्याच्याशिवाय त्या रस्त्यावर कुणाला कळणार? एकदा त्यानं तिला ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तिनं जीभ काढून दाखवली आणि पुढे गेली.

एप्रिलमध्ये प्रस्ताव पुन्हा आला आणि नऊ विरुद्ध दोन असा मंजूर झाला. रडकिनचाही हात वर होता. मेच्या पहिल्या आठवड्यात पोरं टेकडीवरून उतरली ती निळ्या, करड्या, चौकड्यांच्या कपड्यांत. चौकात बायका थांबून बघत होत्या. मिस कोल्बेक दुकानात आली आणि तिनं पोर्चचा हात हातात घेऊन दाबला. "झालं एकदाचं," ती म्हणाली.

"एफी जानेवारीपासून दिसत नाही," पोर्च म्हणाला.

"ती? ती तेव्हाच तेरा वर्षांची झाली ना. दलदलीकडच्या एका शेतावर कामाला पाठवली."

"कुठल्या कपड्यांत?"

मिस कोल्बेकनं त्याचा हात सोडला. मग म्हणाली, "तेव्हा दुसरे नव्हतेच, मिस्टर पोर्च."

त्या संध्याकाळी डॉर्कसनं आपला आखूड करता येण्यासारखा एक झगा आणि लोकरीची शाल बांधून दिली. पोर्चनं शेताचा पत्ता मिळवला, पार्सल पाठवलं, सोबत चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत काय लिहावं ते सुचेना, म्हणून फक्त आपलं नाव लिहिलं. शेतावरून काही उत्तर आलं नाही. पार्सल पोचलं की नाही, पोचलं तर मालकिणीनं पोरीला दिलं की नाही, हे विचारायला जावं असं तो पुष्कळ दिवस म्हणत राहिला. आणि जून संपायच्या आत एका सकाळी दुकानाला कुलूप लावून तो दलदलीच्या रस्त्याला लागला. तिला काय सांगायचं, ते अजूनही ठरलेलं नव्हतं.