अटकेचा मुहूर्त

दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातला तंटा इब्राहीमच्या हॉटेलात बसून मिटवणं, हे एकच काम विष्णुपंत वकिलांना मनापासून जमायचं. सत्तेचाळीस सालचा हिवाळा होता. निजामाने हिंदुस्थान सरकारशी वर्षभराचा 'जैसे थे' करार केला होता. पण हिंदुस्थानात सामील व्हा, असं म्हणणाऱ्यांची धरपकड काही थांबली नव्हती. अख्ख्या वसमतला त्यावर मत होतं, आणि पंतांना तर दोन-दोन.

"संरक्षण, परराष्ट्र अन् दळणवळण, एवढंच दिल्लीकडं," बशीतल्या चहावर फुंकर मारत ते सांगायचे. "पण माणूस धरला कशापायी? हिंदुस्थानचा झेंडा लावला म्हणून. मग हा मामला निजामाच्या घरचा कसा? दिल्लीला यात हात घालता येतो. बराबर येतो!"

कुणी म्हणायचं, राज्य निजामाचं, कुणाला धरायचं ते तोच ठरवणार. कुणी म्हणायचं, दिल्लीनं सरळ फौज धाडावी. पंत दोघांनाही खोडून काढत. एके संध्याकाळी इब्राहीमनं कपबशा विसळता विसळता विचारलं, "पंत, कायदा समजला. पन तुमचा बंडू कधी सुटंल?"

पंतांना एकदम ठसका लागला. बंडू म्हणजे त्यांच्या बायकोचा, अनुसूयेचा, धाकटा भाऊ. याच बाकावर बसून त्यानं मेव्हण्यांचं बोलणं ऐकलं होतं आणि बिचाऱ्यानं ते खरं मानलं. भर बाजारात झेंडा लावला आणि परभणीच्या तुरुंगात गेला. त्या दिवशी पंतांना नेमकी कणकण होती.

"बोलले तुमी, अन् गेला तो," अनुसूया एकदाच म्हणाली होती. त्यानंतर ती मुकाट्यानं वाढायची आणि मुकाट्यानं ताट उचलायची. भांडणाऱ्या बायकोशी वकील भांडू शकतो. गप्प बसलेल्या बायकोपुढे त्याची सनद चालत नाही. शेवटी एका रात्री भाताचा घास हातात तसाच धरून पंत म्हणाले, "मीही जातो तुरुंगात." अनुसूयेनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि त्या पाहण्यासाठी पंत फासावरही गेले असते, म्हणजे निदान त्या घासापुरते तरी.

पण जायचं म्हणजे काही उठलं आणि निघालं असं नव्हे. पंतांनी पंचांग काढलं. शुक्रवारी रेवती नक्षत्र, अमृतसिद्धी योग. कार्यसिद्धीला याहून चांगला दिवस कुठला? त्या सकाळी अनुसूयेनं त्यांना ओवाळलं. गळ्यात झेंडूचा हार, मागे आळीतली माणसं आणि चार पावलं मागे ती, अशी वरात पोलीस ठाण्यावर गेली. पंतांनी छाती भरून "वंदे मातरम्!" म्हटलं.

जमादार गुलाम नबी टोपी सारखी करत बाहेर आला. त्याच्या भावाचा खटला पंतांनीच चालवला होता. "काहून वरडून राहिले, पंत? आज जुमा हाय ना! ठाण्याचे अंमलदार अमीनसाब नमाजला गेले, तितून दावतीला. तुमच्यासारख्या वकिलाला त्यांच्याबगर मी कसा धरू? बसा, च्या घ्या."

जुमा! निजामी राज्यात शुक्रवारी साऱ्या कचेऱ्यांना सुट्टी. गेली वीस वर्षं दर शुक्रवारी पंत घरी लोळले होते आणि आज नेमका तोच वार विसरले होते. लोक हसले. अनुसूया मात्र हसली नाही. मुद्दामच हा दिवस काढला का, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. पंतांनी मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाची शपथ घेतली, की मुद्दाम नाही. मग तीच शपथ पुन्हा घेतली, कारण पहिल्या खेपेला त्यांना स्वतःलाच पुरती पटली नव्हती.

माणसं पांगली. अनुसूया फाटकाजवळच्या लिंबाखाली बसून राहिली. इकडे चहा आला, आणि चहा आला की पंतांची जीभ सुटायचीच. उन्हं कलेपर्यंत त्यांनी जमादाराला कराराची सगळी कलमं समजावली. गुलाम नबी "व्हय, व्हय" करत पेंगत होता.

एवढ्यात अमीनसाहेबांचा टांगा आला. पंत उठले. वाक्य ओठांवर तयार होतं. पण समोर अमीन दिसल्याबरोबर वीस वर्षांची सवय त्यांच्या आधी उभी राहिली. कंबर वाकली, हात कपाळाला गेला. "आदाब अर्ज है, हुजूर."

"आइए, वकीलसाब. छुट्टी के दिन कैसे आना हुआ?"

"जी... साले की जमानत के सिलसिले में."

"और ये हार? किसी की शादी थी?"

पंतांचा हात हाराकडे गेला. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. "वंदे मातरम्! हिंदुस्थान जिंदाबाद!" आवाज चिरकला होता, पण अनुसूयेचाच होता.

गुलाम नबी धावला. "बाई, घरी जावा. अमीनसाबनी काय बी ऐकलं न्हाई."

"न्हाई ऐकलं? मग परत म्हणते," असं म्हणून ती पुन्हा ओरडली, यावेळी स्वच्छ आवाजात. रस्त्यावर माणसं थांबली. आता अमीनसाहेबांना ऐकू न येऊन चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी नाइलाजानं तिला धरायची खूण केली.

"मलाही धरा!" पंत पुढे झाले. "हुजूर, मैं भी!"

"आप तो जमानत के लिए आए हैं. कल आइए."

तुरुंगात न्यायला त्याच टांग्यात तिला बसवलं. पंत दांडी धरून टांग्याबरोबर पळू लागले. "अगं, मी बोलणारच होतो गं!"

"ठाऊक आहे मला," अनुसूया म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हीच तर पंचाईत होती. "तुमी बाहेरच राहा. बोलायला पण कोणी लागतंच की."

टांगा बाजाराच्या चौकात वळला. पंत रस्त्यातच थांबले. लाजेच्याही आधी त्यांच्या मनात आलं, सुटलो बुवा! आणि मग मात्र भर बाजारात त्यांना रडू फुटलं.