मोनरेआलच्या सिनेमातला मांत्रिक

एलादियो मोनरेआल या स्पॅनिश माणसाने चाळीस वर्षांत साठ-पासष्ट भुताखेतांचे सिनेमे काढले. दिग्दर्शक तोच, निर्माताही तोच. १९७८च्या हिवाळ्यात त्याला बर्फ हवा होता म्हणून तो कॅल्गरीला आला, आणि मांत्रिक हवा होता म्हणून तेल कंपनीतल्या चारुदत्त गर्ग्यांना दोन दिवस उचलून घेऊन गेला. त्यांची बायको शुभदा तेव्हा बाळंतपणाला नागपूरला होती. पुढे पाच वर्षांनी चारुदत्त अचानक गेले. फोटो ढीगभर राहिले, आवाज मात्र कुठेच नाही.

म्हणून २०१६च्या ऑक्टोबरात मोनरेआलचे जुने सिनेमे कॅल्गरीत लागले, तेव्हा शुभदाने मुलाला बजावलं, "जयदीप, ऑफिस बुडव. बाबांचा आवाज ऐकायचाय तुला."

"आई, रिलॅक्स. सुट्टी अप्लाय केलीये."

खरं तर ऐकायचा तिलाही होता. अलीकडे तो आवाज तिला आठवेनासा झाला होता, आणि हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

पडद्यावर फेटा बांधलेले चारुदत्त आले. तेच रुंद कपाळ. शुभदाने जयदीपचा हात घट्ट धरला. चारुदत्तांनी तोंड उघडलं, आणि घोगऱ्या, स्पॅनिश वळणाच्या इंग्रजीत भलत्याच कोणीतरी शाप दिला.

"हे ते नव्हेत!" शुभदा मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेने वळून पाहिलं.

"इज दॅट बाबा?" जयदीपने हळूच विचारलं.

"तोंड त्यांचंच आहे रे."

सिनेमा संपल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांचा मोनरेआल काठी टेकत मंचावर आला. शुभदाने उभं राहून थेट विचारलं, "माझ्या नवऱ्याचा आवाज कुठे आहे?"

म्हातारा ओशाळला. "मॅडम, आम्ही शूटिंगला आवाज टिपतच नसू. परवडायचं नाही. काहीही बोला, ओठ हलवा, एवढंच सांगायचो. मग माद्रिदला आवाज भरायचे. हा माझाच. माझी निम्मी भुतं मीच बोललोय."

लोक हसले. तो आवाज कुठल्यातरी डब्यात जपून ठेवलेला आहे, या भरवशावर शुभदाने इतकी वर्षं काढली होती. तो कोणी टिपलाच नव्हता.

ती खाली बसली नाही. "मग तुमचा आवाज बंद करा," ती म्हणाली, "आणि तेवढाच तुकडा पुन्हा दाखवा."

मोनरेआलने मागे खूण केली. दिवे गेले. चारुदत्त हात उगारून पुन्हा उभे राहिले, निःशब्द. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. शुभदा पुढे झुकली, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा..."

ओठ बरोबर जुळत होते.

"आई, व्हॉट इज ही सेइंग?"

"पाढे म्हणतायत तुझे बाबा! शाप देता देता!"

जयदीपला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "लाउडर, आई. प्लीज."

तिने आवाज चढवला. "बे पंचे दहा. बे सक बारा. बे साते..."

तिथे मोनरेआलने कात्री चालवली होती. पडद्यावर एक बाई आवाजावाचून किंचाळू लागली. चौदा शुभदाने म्हटलं नाही. त्यांनी तरी म्हटलं होतं की नाही, कोण जाणे.