काशाची थाळी आणि रेफरची चिठ्ठी

"चिकटली! चिकटली बघा!"

देगलूर रस्त्यावरच्या फाट्यावर, थाळीबाबाच्या पत्र्याच्या शेडखाली सारी गर्दी टाचा उंच करून उभी होती. मधोमध सिंधु पुढे वाकून बसली होती आणि तिच्या पाठीवर काशाची भलीमोठी थाळी चिकटली होती. ना दोरी, ना कुणाचा हात. सकाळी सोयाबीन काढताना सिंधुच्या पायाला नाग चावला होता. तिचा नवरा आदिनाथ हात जोडून, तोंड कोरडं पडलेलं, बाबाच्या पायाशी बसला होता.

थाळीबाबाचं नाव व्यंकट. गळ्यात रुद्राक्ष, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. साप कुठल्या मुलखातला निघेल याचा नेम नाही, म्हणून तो विषाला तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत हाकलायचा.

"पो नागम्मा, पो! होगु नागप्पा, होगु! नीघ रे काळ्या, नीघ!" मग गर्दीकडे वळून, "जवर आंगात जहर हाय तवर थाळी पडत न्हाई. जहर उतरलं की आपसूक पडते. सायन्सला बी पत्ता न्हाई याचा!"

सायन्सची एक प्रतिनिधी गर्दीतच उभी होती. सरकारी दवाखान्यातली डॉक्टर उज्वला. बाकी सगळे थाळीकडे बघत होते, ही जमिनीकडे. कारण तासाभरापूर्वी हीच सिंधु तिच्या टेबलावर होती. उज्वलाने जखम पाहिली, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं, 'पुढील उपचारासाठी नांदेड' अशी चिठ्ठी लिहिली आणि जीपवाल्याला लवकर जायला सांगितलं. जीप फाट्यावर थांबल्याचं कळलं तशी ती ॲम्ब्युलन्स आणि ड्रायव्हर लालमहंमदला घेऊन मागे आली होती. खाई त्याला खवखवे.

सापावरची लस दवाखान्याच्या फ्रिजमध्ये होती. मुदतीतली होती, भरपूर होती. मग चिठ्ठी का? तर उज्वलाने ती लस आजवर कुणाला दिलेली नव्हती आणि देताना पाहिलीही नव्हती. ती लातूरच्या क्लासमध्ये घडलेली पोर. चार पर्याय समोर ठेवा, बरोबर उत्तरावर डोळे मिटून बोट ठेवेल. पण पेशंटच्या चेहऱ्यावर पर्याय छापलेले नसतात. कोरोनामुळे कॉलेजातलं एक वर्ष मोबाईलच्या पडद्यावर गेलं. वॉर्डात एका खाटेभोवती इतकी मुलं जमायची की मागे उभ्या राहिलेल्या उज्वलाला पेशंटऐवजी पुढच्याचा कोटच दिसायचा. इंटर्नशिपमध्ये तिने रक्ताच्या बाटल्या पोचवल्या, रिपोर्ट आणले, डिस्चार्जचे कागद भरले आणि उरलेल्या वेळात पुढच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवले. या पोरीच्या हाताला काय येतं, हे शेवटपर्यंत कुणी तपासलं नाही. मग डॉक्टर म्हणून तिला इथे एकटीला पाठवून दिलं. लसीची रिॲक्शन येऊ शकते, त्यात माणूस जाऊ शकतो, आणि मग नातेवाईक दवाखाना फोडतात, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. चिठ्ठीची रिॲक्शन येत नाही.

खण्णकन थाळी पडली. "उतरलं! जहर उतरलं!" बायांनी हात जोडले. बाबाने सिंधुची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"वर बघ बाई. डोळं उघड."

सिंधुने प्रयत्न केला. पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. बाबाचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच त्याने आवाज चढवला, "कोनी सुई टोचली हिला?"

"सरकारी दवाखान्यात, महाराज," आदिनाथ चाचरला.

"झालं! सुईनं मंतर बांधला. आता माझ्या हातात काय न्हाई. उचला, न्या नांदेडला!"

पाण्याची घागर घेऊन उभा असलेला बाबाचा शिष्य रविकांत उज्वलावर खेकसला, "पुन्हा तुमचीच सुई! माझ्या मायला बी तुमीच खाल्लं." त्याची आई धोंडाबाई गेल्या पावसाळ्यात साप चावल्यावर उज्वलाचीच चिठ्ठी घेऊन निघाली आणि नरसीच्या अलीकडे गाडीतच गेली. तेव्हापासून पोरगा बाबाच्या दारी पडून होता.

उज्वलाच्या डोक्यात मात्र एकच वाक्य घुमत होतं. वर बघ बाई. पापणी पडणं ही नागाच्या विषाची पहिली खूण. हा प्रश्न तिने शेकडो वेळा बरोबर सोडवला होता. भोंदूने पापणी पाहिली आणि डॉक्टरने पाहिली नव्हती. लाजेने तिच्या कानशिलांना चटका बसला.

"नांदेड नको. दवाखाना जवळ आहे. लालमहंमद, गाडी लावा!"

आदिनाथ जागचा हलेना. "मगा तुमीच म्हनलात, हितं व्हत न्हाई."

"खोटं बोलले मी. चला!"

दवाखान्यात तिने नांदेडच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंना, शिल्पा मॅडमना, फोन लावला.

"ही लस कधी दिलीयेस?"

"नाही."

"दिलेली पाहिलीयेस?"

"नाही, मॅडम."

"उत्तर पाठ आहे ना? मग तोंडाने म्हण आणि हाताने कर. फोन ठेवू नकोस."

उज्वलाने केलं. सलाईनमधून लस सुरू झाली आणि थोड्याच वेळात सिंधुच्या अंगावर गांधी उठल्या, दातखीळ बसावी तशी थंडी भरली. जिची इतकी धास्ती घेतली होती तीच ही रिॲक्शन. उज्वलाने लस थांबवली, रिॲक्शनसाठी भरून ठेवलेलं इंजेक्शन मांडीत दिलं आणि सिंधुचा हात धरून बसली. गांधी बसल्या. लस पुन्हा हळूहळू सुरू झाली. दुपार कलता कलता सिंधुने डोळे पूर्ण उघडले आणि चहा मागितला. आदिनाथ उज्वलाच्या पाया पडायला वाकला, तेव्हा ती मागे सरली. आपल्याला जे आज जमलं, ते धोंडाबाईसाठी का केलं नाही, या विचाराने तिला तिथे उभं राहवेना.

गावाने मात्र श्रेय थाळीला दिलं. लालमहंमदने खबर आणली, "मॅडम, लोकं म्हनून राहिले, थाळीनं अर्धं जहर वढलं म्हनून बाई वाचली. बाजारच्या दिशी नारळ फोडायला सगळे चाललेत. अन् एक सांगू? ह्यो व्यंकट पयले नांदेडला एका खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. पापनी बघायला तितंच शिकला."

बाजारच्या दिवशी उज्वलाही शेडखाली गेली. लालमहंमदला सगळ्यांसमोर सदरा काढायला लावून वाकून बसवलं.

"याला काय चावलंय?" तिने विचारलं.

"मच्छर सुदिक न्हाई," लालमहंमद म्हणाला आणि हशा पिकला.

उज्वलाने थाळीला आणि त्याच्या पाठीला पाणी लावलं आणि थाळी पाठीवर दाबून बसवली. थाळी घट्ट चिकटली. मग तिने पाठ टॉवेलने कोरडी केली, वर पावडर भुरभुरली. आता थाळी टिकेना, घसरून खाली यायची.

"ओली पाठ, ओली थाळी, वाकलेलं अंग. दाबलं की आतली हवा निघते आणि थाळी चिकटते. पाणी वाळलं किंवा माणूस जरा सरळ झाला की पडते. विषाचा काही संबंध नाही."

"अन् इतके लोक बरे झाले ते?" बाबा उसळला.

"धामण, दिवड चावलेले. त्यांच्यात विषच नसतं. कधी नागही चावतो पण विष सोडत नाही. अशा माणसाच्या पाठीला थाळी लावा नाहीतर केरसुणी, तो वाचणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते. ज्याची पापणी पडलेली दिसते, त्याला मात्र हे ठेवत नाहीत. सुई टोचली, उशीर झाला, विटाळ झाला, काहीतरी सांगून बाहेर काढतात. म्हणून यांच्या शेडमध्ये कुणी मेलेलं तुम्ही पाहिलं नाही."

आदिनाथने हातातला नारळ खाली ठेवला. बाबा हसला, पण ते हसू कडू होतं.

"अन् तुमी, मॅडम? तुमी काय येगळं करता? तुमी बी चिठ्ठी देऊन हाकलताच की!"

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. औषध नव्हतं, वरून हुकूम होता, असं काहीही सांगून सुटता आलं असतं. उज्वलाच्या जिभेवर ते आलंही.

"खरं आहे," ती म्हणाली. "माझ्याही दवाखान्यात सापाने कुणी मेलं नाही. मेले ते रस्त्यात मेले."

रविकांत पुढे आला. "म्हंजे? माझी माय सुईनं मेली न्हाई?"

"नाही, दादा. ती धनुर्वाताची सुई होती. तिने माणूस मरत नाही आणि सापाचं विष उतरतही नाही. लस फ्रिजमध्ये होती. मला द्यायची भीती वाटली. मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही."

"दिली असती तर वाचली असती?"

"वाचण्याची खूप शक्यता होती."

कुणी ओरडलं नाही, अंगावर धावून आलं नाही. धावून आले असते तर तिला बरं वाटलं असतं. ती कशीबशी बोलत राहिली.

"साप चावला की थाळी नको, मंत्र नको, पाय करकचून बांधणंही नको. पाय हलू देऊ नका आणि लस असलेल्या जवळच्या दवाखान्यात या. आणि माझ्यासारखं कुणी नुसती चिठ्ठी लिहायला बसलं तर अडवा. विचारा, लस आहे का? मग इथे का देत नाही? सुरू करा आणि मग पाठवा. बाबाला प्रश्न विचारा, तसे डॉक्टरलाही विचारा. कोट बघून गप्प बसू नका."

गर्दी हळूहळू पांगली. बाबा केव्हाच मागच्या दाराने सटकला होता. रविकांत तेवढा उरला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"आता येते का लस देता?"

"येते."

"माझी माय गेल्यावर."

"हो."

"माफ न्हाई करत मी तुमाला," तो म्हणाला. "पन ज्यांनी तुमाला न शिकवता हितं धाडलं, त्याईला इचारायला कवा जाल तवा मला सांगा. मी येतो. मायचं नाव मीच सांगन."