हातचं खाणारी कोल्ही

"अहो ताई, पाव देऊ नका तिला!" झाडू उंचावत बाई ओरडल्या.

"एवढासा तर तुकडा आहे, मावशी. बघा ना, किती गोड बसलीये," म्हणत त्या ताईंनी पाव आपल्या मुलीच्या हातात ठेवला. "भरव गं तिला. थांब, फोटो काढते."

कोल्ही चटईच्या कडेला शेपूट गुंडाळून बसली होती, घरच्या मांजरासारखी.

तळ्याकाठच्या या सहलीच्या मैदानावर बाई कित्येक वर्षं साफसफाई करत होत्या. ही कोल्ही पिल्लू होती, तेव्हा माणूस नुसता खोकला तरी झुडपात गडप व्हायची. मग कुणी केक टाकला, कुणी चिप्स, कुणी बिस्किटं. आता तळ्याकाठी बेडूक उड्या मारत असले तरी ती ढुंकून बघत नसे, डबा उघडल्याचा आवाज आला की मात्र धावत यायची. बाई सांगून सांगून थकल्या. 'प्राण्यांना खाऊ घालू नये' या पाटीखालीच लोक चटया अंथरायचे, आणि बाईंना 'कटकटी मावशी' म्हणायचे.

मुलीने पाव पुढे धरला आणि ऐन वेळी घाबरून मागे ओढला. कोल्हीने झेप घेतली. पावाबरोबर बोटंही दातांत सापडली.

मुलगी किंचाळली. बाईंनी तिला उचलून नळापाशी नेलं, साबण लावून हात वाहत्या पाण्याखाली धरला.

"पिसाळलेलं जनावर मोकळं सोडता? तुम्ही लोक करता काय इथे?" ताई रडत ओरडत होत्या.

"आधी दवाखाना गाठा, ताई. भांडायला मग या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब माणसं आणि पिंजरा घेऊन आले.

"तपासून सोडाल ना, साहेब?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "पिसाळलीये का ते जिवंतपणी नाही कळत, बाई. मेंदू तपासावा लागतो."

पिंजऱ्यात पाव ठेवला. माणसं अजून झाडांमागे लपतच होती, तेवढ्यात कोल्ही सगळ्यांच्या देखत तुरुतुरु चालत आली. बाईंनी सवयीने झाडू उगारला.

"आज नको," साहेब हळूच म्हणाले.

दार खाली पडलं. कोल्हीने आधी पाव संपवला, मग मागे वळून पाहिलं.

तपासणीचं कळलं तेव्हा साहेब स्वतः सांगायला आले. "नव्हती पिसाळलेली. चांगली धडधाकट होती."

"मग आता?"

"आता काय, बाई."

घरी बाईंनी ताट तसंच सरकवलं. नवरा म्हणाला, "तू कशाला जिवाला लावून घेतेस? तू तर तिला कधी कणभरही घातलं नाहीस."

"नुसती ओरडत राहिले हो मी. ओरडण्याला कोण भितंय? शेवटी शेवटी तर माझा आवाज ऐकूनच ती यायची. मी ओरडते म्हणजे कुणीतरी डबा उघडलाय, हे कळलं होतं तिला."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मैदान पुन्हा भरलं. झुडपाच्या कडेला कोल्ह्याचं एक लहानगं पिल्लू उभं होतं, पुढचा एक पाय उचलून, नाक वर करून. कुणीतरी त्याच्याकडे केकचा तुकडा फेकला.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दगड उचलला आणि नेम धरून मारला. पिल्लू केकाटत झुडपात घुसलं.

"काय दुष्ट बाई आहे! मुकं जनावर ते!" चटईवरून एक आजोबा कडाडले. "तक्रार करतो तुमची!"

"करा," बाई म्हणाल्या, आणि वाकून गवतातला केक वेचू लागल्या. चुरा बारीक होता, नखांनी काढावा लागत होता. मागे हशा झाला म्हणून त्यांनी मान वळवली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोरांनी सँडविच उघडलं होतं, आणि पिल्लू लंगडत लंगडत तिकडे निघालं होतं.

बाईंनी केकचा चुरा बादलीत टाकला आणि दुसरा दगड शोधायला त्या खाली वाकल्या.