पिल्लूसाठी फळी

सुताराने फळीचं एक टोक वर उंबऱ्याला टेकवलं, दुसरं खाली कारखान्याच्या फरशीवर बसवलं, डुगडुगत नाही ना ते दाबून पाहिलं आणि हाक मारली.

"पिल्लू, ये बघू खाली."

पिल्लू चौदा वर्षांचं होतं. कुत्र्यांच्या हिशेबात पणजोबाच म्हणायचं, पण नाव पडलं ते पडलं. तोंड पांढरं झालं, डोळ्यांवर निळसर साय आली, कंबर धरली, तरी घरात ते पिल्लूच.

घर आणि कारखाना यांच्यामध्ये तीन पायऱ्या. काय दिवस होते ते! तिन्ही पायऱ्या एका उडीत पार करून पिल्लू थेट रंध्याखालून निघालेल्या सालपटांत जाऊन पडायचं. मग दिवसभर सुताराच्या पायाशी. संध्याकाळी शेपटीत भुसा घेऊन वर आलं की सुताराची बायको दोघांनाही एकाच दमात झापायची. पण गेला महिनाभर ते उंबऱ्यावर उभं राहायचं, एक पाय पुढे टाकायचं, मागे घ्यायचं आणि बारीक आवाजात रडायचं. उचललं तर कंबर दुखून विव्हळायचं. डॉक्टरांनीही उचलायला मनाई केली होती. खाली सुताराचा हात चालेना. पिल्लूशिवाय त्याला कारखाना खायला उठायचा.

म्हणून तो दोन दिवस या फळीवर खपला होता. जुनं सागवान, त्यावर रंधा, मग तीनदा पॉलिशपेपर, वर पॉलिशचे दोन हात. बोट फिरवलं तर बोटाला तक्रारीला जागा राहू नये, असं उस्तादांनी शिकवलं होतं, आणि चाळीस वर्षांत त्याने ती कधी ठेवली नव्हती.

पिल्लूने पुढचे दोन पाय फळीवर ठेवले. ते सर्रकन घसरले. छातीवर आपटलेलं पिल्लू कसंबसं मागे सरकलं आणि कॉटखाली जाऊन बसलं.

"नसेल यायचं तर राहू दे," सुतार फणकारला. "मरमर मरून केलं, त्याची काही किंमत?"

"त्याच्यावर कशाला डाफरता?" बायको म्हणाली. "तुम्ही एकदा त्याच्या जागी उभं राहून बघा, मग बोला."

ती आत गेली. कोणी बघत नाही याची खात्री करून सुतार उंबऱ्यावर हातापायांवर रांगत आला. समोर खिडकी. तेवढ्या उंचीवरून पाहिलं तर तिचा सगळा उजेड पॉलिशवर सांडलेला. लाकूड कुठे दिसेचना, नुसतं पाणी ओतल्यासारखं चकाकत होतं. त्याने तळहात टेकला, तोही घसरला. त्याला मनापासून लाज वाटली.

"काय हो, काही हरवलं का?" मागून बायको.

"हसू नकोस. हात दे आधी, उठता येईना."

फळी परत कामाच्या टेबलावर चढली. पटाशी हातात घेऊन सुताराने पॉलिशवरून एकदा शेवटचं बोट फिरवलं. मग त्याने पहिली आडवी खाच मारली. मग दुसरी. खालपर्यंत खाचाच खाचा. उरलेली चकाकी त्याने कानशीने खरवडून काढली.

"उस्ताद असते तर हात तोडले असते माझे."

"उस्तादांकडे कुत्रं नव्हतं," बायको म्हणाली.

दुपारी पिल्लूने फळी हुंगली. एक नख खाचेत अडकलं. ते थांबलं, मग दुसरा पाय टाकला. एकेका खाचेवर विचार करत ते उतरत राहिलं. तोवर सुताराचा चहा निवला. खाली पोचल्यावर सालपटांत दोन गिरक्या मारून ते त्याच्या पायाशी लवंडलं. सुताराने भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरलं.

"भुसा फार उडतोय," तो म्हणाला. त्या वेळी कारखान्यात काहीच कापलं जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कपाटाचं काम द्यायला एक बाई आल्या. चोखंदळ होत्या. तयार कामांच्या कडांवरून बोट फिरवत फिरवत त्या फळीपाशी आल्या आणि झटकन हात मागे घेतला.

"हे कसलं ओबडधोबड? अर्धवट राहिलंय का?"

बायकोने श्वास रोखला. याहून कमी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने एकदा दार दाखवलं होतं.

सुताराने पायाशी झोपलेल्या पिल्लूकडे पाहिलं.

"नाही, ताई," तो म्हणाला. "पूर्ण झालंय ते."