मोटर कोण उचलणार?

माझ्या भावाला पेट्रोलची काळजी वाटायला लागली, तिथेच मला संशय यायला हवा होता. ज्याने जन्मात कधी पेट्रोलच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं नाही, तो जेवता जेवता म्हणतो, "ताई, होडीची आपली टू-स्ट्रोक मोटर फार पेट्रोल खाते. फोर-स्ट्रोक घेऊ या."

"घे की," मी म्हटलं. "चांगली असते."

खोटं कशाला बोलू, असतेच चांगली. पेट्रोल कमी, धूर कमी, आवाज तर नाहीच म्हणा. पेट्रोलमध्ये ऑईल कालवत बसायची कटकट नाही, तिचं ऑईल तिच्या पोटातच असतं. आमची जुनी टू-स्ट्रोक म्हणजे सारखी खोकणारी आणि धुराने डोळे चुरचुरवणारी. पण अंगाने हलकी, आणि बिघडली तर वाळूवर बसून पान्याने खोलायची. तिचा एकेक नट मला पाठ होता. तरीही मी नव्या मोटरला आनंदाने हो म्हटलं असतं. पण तेवढ्यात भावाची बायको ताटात बघून गालात हसली.

का हसली ते सांगते. आमच्या किनाऱ्याला धक्का नाही. होडी वाळूवर ओढून ठेवायची, आणि मोटर तिथेच सोडली तर ती सकाळी चोराची. म्हणून रोज ती काढायची, लाकडी दांड्याला टांगायची आणि दोघांनी दांडा खांद्यावर घेऊन चढावरच्या शेडमध्ये न्यायची. रीत अशी की मोटर वाहणारे ते होडीचे वाटेकरी. बाकी कोणी होडीत बसला तर मजुरीने. अप्पांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, गुडघे गेल्यापासून दांड्याचं एक टोक भावाचं आणि एक माझं. नवऱ्याचं घर सोडून आलेली असले तरी मी कोणाच्या उपकारावर जेवत नव्हते. त्या टोकावर जेवत होते.

आणि फोर-स्ट्रोक जड असते. त्यात या भावजयीचा भाऊ, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो सध्या रिकामा बसला होता. आता कळलं ना ते हसू?

दुकानात पैलवानही आला. "सहज," म्हणे. दुकानदाराने दोन्ही मोटरी दाखवल्या. भाऊ फोर-स्ट्रोकपाशी जाऊन म्हणाला, "ताई, जरा उचलून बघू या का? उगाच नंतर त्रास नको." आवाजात असा लोण्यासारखा मऊपणा की माझं डोकंच फिरलं.

दांडा लावला. मी उचलली. हो, उचलली! चार पावलं टाकलीही. पाचव्याला गुडघा वाकला आणि मोटर धपकन खाली टेकली. दुकानाच्या सपाट फरशीवर ही गत, मग वाळूतल्या चढावर काय होणार ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. पैलवान दात काढत पुढे आला, माझ्या हातातलं टोक घेतलं आणि दुकानाला चक्कर मारून आला. वर मला म्हणतो, "ताई, तुम्ही आता आराम करायचा."

"आराम तुझ्या बहिणीला सांग," मी म्हटलं.

दुकानदार मधे पडला. "अहो, भांडता कशाला? रुंद टायरची हातगाडी मिळते. मोटर तिच्यावर उभी अडकवायची. वाळूतही चालते, एकटा माणूस नेतो."

भाऊ पटकन म्हणाला, "नको नको. आमच्यात खांद्यावरच नेतात. रीत आहे."

रीत! कालपर्यंत हाच म्हणत होता, जुन्या सवयी सोडा, फोर-स्ट्रोक घ्या. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघेना.

फोर-स्ट्रोक घेऊन निघताना दुकानदाराने तिच्यावरचं चित्र बोटाने दाखवलं. "एक लक्षात ठेवा. ही आडवी ठेवायची तर याच कुशीवर. दुसऱ्या कुशीवर ठेवलीत तर आतलं ऑईल सिलिंडरमध्ये उतरतं. टू-स्ट्रोकसारखं कसंही टाकून चालत नाही."

"मोटर आहे की तान्हं बाळ?" पैलवान म्हणाला, आणि दोघे खो खो हसले. मी हसले नाही, म्हणून ऐकलं.

पहिल्या दिवशी दोघांनी मोटर खांद्यावरून वर नेली. मी मागून वल्ही घेऊन चालले, मजुरीच्या बाईसारखी. अंगाची नुसती लाही लाही होत होती. शेडमध्ये भिंतीलगत एक फळी आहे, तिच्यावर पोती अंथरलेली. आमची मोटर कायम तिथे, हँडल भिंतीकडे करून आडवी ठेवायची, कारण उलटी ठेवली तर हँडल येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटात घुसतं. वर्षानुवर्षांची सवय. भावाने डोळे मिटूनसुद्धा तशीच ठेवली असती. नवीही तशीच ठेवायला लागला.

"त्या कुशीवर नको," मी दारातून म्हटलं. "दुकानदाराने काय सांगितलं?"

भावाने मान वर केली. दम लागला होता, तरी बोलायला श्वास उरलाच. "ज्याने उचलली नाही त्याने बोलायचं नाही."

अप्पा दाराशी जाळं शिवत बसले होते. त्यांचा हात क्षणभर थांबला, मग सुई पुन्हा चालू झाली. मी वल्ही कोपऱ्यात आदळली. जुन्या मोटरकडे बोट करून म्हटलं, "आणि हिचं काय करणार?"

"ती भंगार तुला घे. उशाशी घेऊन झोप," भाऊ म्हणाला. पैलवानाला हसून हसून खोकला आला.

मी पुन्हा सांगायला हवं होतं, असं नंतर दोघातिघांनी मला ऐकवलं. का म्हणून? माझं तोंड काय फुकट वाजवायला आहे? एकदा सांगितलं ते पुरे होतं.

सकाळी मोटर होडीला लागली. भावाने दोरी ओढली. दोरी हलेना. पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. तेव्हा पैलवान बाह्या सरसावून पुढे झाला, "व्हा बाजूला," म्हणाला आणि सगळा जोर लावून असा हिसका दिला की दोरी तुटून त्याच्या हातात आली आणि तो होडीतल्या होडीत उताणा. आजूबाजूच्या होड्यांवरून हशा उठला. एकेक करून त्या निघून गेल्या, आमची तेवढी वाळूला टेकलेली.

भाऊ तरातरा माझ्याकडे आला. "तूच केलंस काहीतरी! पहिल्यापासून पोटात दुखत होतं तुझ्या!"

भर किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर. सख्खा भाऊ. मला रडू आलं नाही, राग इतका होता की रडायला जागाच नव्हती.

मिस्त्री टेम्पो घेऊन आला. त्याने प्लग काढले आणि दोरीची चकती हाताने फिरवली. आतून ऑईलची पिचकारी उडाली ती थेट पैलवानाच्या शर्टावर. "कोणत्या कुशीवर ठेवली होती?" मिस्त्रीने विचारलं.

पैलवान शर्ट पुसत बसला. मग भाऊ म्हणाला, "आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही."

"तिने सांगितलं होतं," अप्पा म्हणाले. काठी टेकत ते कधी खाली आले होते, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "मी ऐकलं."

भाऊ उसळला. "मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी तरी कुठे उचलली होती?" अप्पा म्हणाले.

भावाचं तोंड चिमणीएवढं झालं. पण माफी? नाव नको. मिस्त्रीला म्हणाला, "किती वेळ लागेल?" दोन दिवस, म्हणे. ऑईल काढायचं, नवं भरायचं, दोरी बसवायची. मोटरला दुसरं काही झालं नव्हतं. मग भाऊ माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तोपर्यंत जुनी लावू या."

"कोणती जुनी?" मी म्हटलं. "ती माझी आहे. तूच दिलीस. उशाला घेतेय."

आणि मिस्त्रीच्या मदतीने ती नव्या मोटरशेजारी टेम्पोत चढवली, स्वतःही चढून बसले. वाटेत तिच्यावर हात ठेवून बसले होते. किती वर्षं माझे हात तिच्या धुराने काळे झाले, कितीदा तिने आम्हाला वाऱ्यातून परत आणलं. आता मात्र रडू आलं. मिस्त्री शहाणा, तो समोर बघून टेम्पो चालवत राहिला.

दुकानदाराला मी म्हटलं, "ही घे, आणि ती रुंद टायरची गाडी मला दे." त्याने टू-स्ट्रोक चालू करून पाहिली. दुसऱ्या हिसक्याला चालू झाली, नेहमीसारखी. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मोटर दुरुस्त झाली त्या दिवशी मिस्त्रीने ती गाडीवर उभी अडकवून दिली आणि टेम्पोने रस्त्यापर्यंत सोडली. तिथून किनाऱ्यापर्यंत मी एकटीने नेली. वाळूत टायर रुतले नाहीत असं नाही. दोनदा थांबले, शिव्या घातल्या, पुन्हा ढकलली. पण खाली आणली, एकटीने, होडीच्या मागच्या, मोटर बसवायच्या फळीपर्यंत. संध्याकाळी वर चढवताना जीव जाईल, जाऊ दे. आणि गाडीवर ती उभीच राहते, कुशीची भानगडच नाही.

भाऊ आणि पैलवान दांडा घेऊन उभे होते.

"हे चालणार नाही," पैलवान म्हणाला. "खांद्यावर आणायची रीत आहे."

मी अप्पांकडे पाहिलं. ते होडीला टेकून उभे होते. "रीत आणण्याची आहे," ते म्हणाले. "खांदा होता म्हणून खांद्यावर. आणली कोणी?"

पैलवानाने दांडा वाळूत टाकला आणि बहिणीच्या नावाने काहीतरी पुटपुटत चढ चढून गेला. उरला माझा भाऊ. लहानपणी याला मी कडेवर घेऊन याच वाळूत फिरले आहे. आठवलं मला ते, नाही असं नाही. "जरा उचलून बघू या का" म्हणतानाचा तो मऊ आवाजही आठवला.

"फळीवर चढवायला एक हात लागेल," मी म्हटलं. "आणि जाळं ओढायला. येतोस का?"

त्याचा चेहरा जरा उजळला. "येतो की, ताई."

"वल्ही घे मग," मी म्हटलं. "मजुरी संध्याकाळी देईन."