घरी नेणाऱ्यांची खिडकी

सिरिल हॅडली म्हणजे महाहट्टी. एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. ‘प्लाऊ’ पब त्यानं चाळीस वर्षं चालवला, तो बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी वरच्या खोल्यांतून हा काही हलला नाही. आता मालक इमारत पाडून फ्लॅट बांधणार होता. जतन करायच्या इमारतींच्या यादीत नाव लागलं तरच ती वाचणार, नाहीतर म्हातारा कॉव्हेंट्रीला, लेकीच्या घरी मागच्या खोलीत.

यादीवाल्या बाई मंगळवारी येणार असं पत्र आलं. जितकं जुनं तितकं पक्कं, असं सिरिलनं धरलं. पंचाईत एवढीच, की प्लाऊ एकोणीसशे चौतीस सालचा. काळ्या तुळया, पांढरा गिलावा, सगळं चारशे वर्षांपूर्वीचं वाटावं म्हणून बिअर कंपनीनं घेतलेलं सोंग. तुळया म्हणजे नुसत्या ठोकलेल्या फळ्या. जुन्या काळी इथे एक राणी मुक्कामाला झोपली होती अशी गावाची मात्र खात्री. सिरिलनं ती कधी मोडली नाही, धंद्याला बरी असते.

सोंग उघडं पाडणारी एकच गोष्ट होती. बोळकांडीतली छोटी खिडकी: भोवती चौतीस सालच्याच धाटणीच्या हिरव्या फरशा, सरकती काच, काचेवर कोरलेलं ‘घरी नेण्यासाठी’. बायका घरून चंबू आणायच्या, बिअर भरून न्यायच्या. त्या खिडकीमागे त्याची वारलेली बायको माव्हिस पंचवीस वर्षं उभी राहिली होती. सिरिलच्या अगदी जिवावर आलं, पण त्यानं छिन्नी घेतलीच. चौकट शेगडीत गेली, काच फुटली, भोकात विटा बसल्या.

मंगळवारी यादीवाल्या प्रॉसरबाई आल्या. तुळईवर टिचकी मारून हसल्या. म्हणाल्या, राणीबिणी राहू द्या, तसले जुने पब पैशाला पासरी. चौतीस सालचा, जसाच्या तसा राहिलेला, जिल्ह्यात हा एकच. मग इमारतीचा जुना नकाशा उलगडत त्या बोळकांडीत शिरल्या आणि ओल्या गिलाव्यापाशी थांबल्या.

"हॅडलीकाका, इथली खिडकी कुठाय? मी तीच बघायला आलेय."

सिरिलच्या तोंडाशी थाप आली होती, पण निघालं खरंच. "नवी दिसत होती हो, बाई. म्हणून मीच काढली."

बाईंनी वही मिटली. मग त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा उघडली. वचन देत नाही म्हणाल्या, पण होती कशी ते लिहून घेते. खिडकीपुढची चंबू ठेवायची फळी जमिनीपासून किती उंच होती?

सिरिलनं हवेत हात धरला.

"माव्हिसच्या कोपराइतकी," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला.